तीन पाट्या: पाळणाघर, समुपदेशन आणि व्यसनमुक्ती यांचा गुंतलेला इतिहास

#थ्रेड #नगरचाइतिहास

१/ सावेडीत गुलमोहोर रस्त्याने किंवा पाइपलाइन रस्त्याने संध्याकाळी चालत निघाले की तीन प्रकारच्या पाट्या नजरेस पडतात. पहिली पाळणाघराची, दुसरी समुपदेशनाची, तिसरी व्यसनमुक्तीची. पहिलीवर फुगे आणि फुलपाखरे, दुसरीवर मेंदूचे चित्र, तिसरीवर मोडलेली सिगारेट किंवा आडवी बाटली. या तिन्ही पाट्यांचा एकमेकींशी काही संबंध असावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

२/ या सेवा म्हणजे अलीकडच्या शहरी जीवनाची देणगी, नोकरदार जोडप्यांची आणि फ्लॅट संस्कृतीची गरज, असे आपण मानतो. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांचे दस्तऐवज चाळले तर हे तिन्ही प्रश्न एकाच घरात, बहुधा एकाच स्त्रीच्या भोवती उभे असलेले दिसतात. घरात ते एकत्र होते. वेगळे केले ते संस्थांनी, कायद्यांनी आणि खात्यांनी. हा थ्रेड त्या वेगळेपणाचा आहे. सुरुवात नगरहून करू, मग पुण्याला, मुंबईला जाऊ आणि परत सावेडीत येऊ.

३/ अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे मांडले ते १८३१ मध्ये. १८३९ मध्ये सिंथिया फरार नगरला आल्या आणि १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले तेही याच शहरात. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्री-मिशनऱ्यांपैकी त्या एक. नगरमध्ये त्यांच्या मुलींच्या शाळा चालत. १८४८ मध्ये जोतीराव फुले हे नोकरीनिमित्त नगरला असलेले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे आले, त्यांनी फरारबाईंची शाळा पाहिली आणि पुण्यास परतल्यावर भिडेवाड्यात शाळा सुरू झाली, हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाचा संबंधही नगरच्या याच शाळेशी सांगितला जातो.

४/ पण याच गोवंड्यांच्या घराशी जोडलेली दुसरी एक घटना शाळेच्या पुस्तकात येत नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. त्यांच्याकडे काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले. गर्भ राहिला. औषधे घेऊनही तो पडला नाही. मूल जन्मले तेव्हा लोकलज्जेपायी तिने त्याला मारून विहिरीत टाकले. खटला चालला आणि काशीबाईस जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याचे काय झाले? त्याच्यावर खटलाच नव्हता.

५/ हा खटला संपताच, १८६३ मध्ये, फुले दांपत्याने आपल्या राहत्या जागेत बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. ब्राह्मण वस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर छापील जाहिराती चिकटवल्या: गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल सोबत न्यायचे की येथे ठेवायचे ते तुम्ही ठरवा, असा त्यांचा आशय. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रसूतिगृह, निवारा, समुपदेशन आणि शिशुगृह या चारही सेवा एका छताखाली होत्या. त्या काळी यांपैकी एकाही सेवेला मराठीत स्वतंत्र शब्द नव्हता.

६/ आता या गृहाच्या यशाविषयी. येथे थोडे थांबावे लागेल, कारण माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत मोलाचा आकडा इथे आहे.

४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीरावांनी बेहरामजी मलबारी यांच्या सक्तीच्या वैधव्याविषयीच्या टिपणावर आपला अभिप्राय इंग्रजीत लिहून दिला. त्यात ते सांगतात की गृह सुरू झाल्यापासून ३५ गर्भवती विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या. त्या मुलांपैकी ५ जिवंत आहेत. ३० दगावली.

७/ ३५ पैकी ५. आजच्या कोणत्याही संस्थेच्या वार्षिक अहवालात असा आकडा आला तर तो पहिल्या पानावर नसेल, कदाचित कोठेच नसेल. फुल्यांनी तो स्वतः होऊन, छापले जाणार हे माहीत असताना लिहिला, आणि त्याचे कारणही लिहिले: गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना गर्भातच इजा झालेली होती.

८/ या एका वाक्यात बालसंगोपनाच्या गुणवत्तेविषयी जे आहे ते नंतरच्या अनेक समित्यांच्या अहवालांतही सहज सापडत नाही. मूल संस्थेच्या दारात येण्यापूर्वीच त्याचे अर्धे भवितव्य ठरलेले असते. आईला भीती किती वाटते, तिच्यापर्यंत जाहिरात केव्हा पोहोचते, दार ठोठावण्याचे धैर्य तिला कोणत्या महिन्यात येते, यावर मुलाचा जीव अवलंबून असतो. म्हणजे आईच्या मनाची काळजी हा बालसंगोपनाचाच पहिला टप्पा ठरतो. मात्र हे सूत्र पुढच्या काळात सुटत गेले.

९/ जगलेल्या मुलांपैकी एकाला, यशवंताला, फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रुग्ण आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. दरम्यान १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने व प्रार्थना समाजाच्या आधाराने असेच एक गृह उभे राहिले. तीर्थक्षेत्री विधवांना आणून सोडण्याची रीत होती, हे लक्षात घेतले की पंढरपूरच का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

१०/ आता दुसरी पाटी: दारू. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. तोवर गावोगावी मोहाची आणि ताडीची पेये घरगुती अथवा छोट्या भट्ट्यांत होत. या कायद्याने गाळण्याचे आणि विकण्याचे हक्क सरकारी नियंत्रणाखाली, बड्या मक्तेदारांकडे गेले. पिणाऱ्याच्या हातातून पेय गेले आणि बाटलीवर महसूल उभा राहिला. दुकान जितके चालेल तितकी तिजोरी भरेल, ही व्यवस्था तेव्हाची, आणि तिचा पाया अजून हललेला नाही.

११/ जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये त्यांनी शहरातील वाढत्या दारू-दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लेखी कळवले: एकीकडे लोकांच्या आरोग्याची व्यवस्था नगरपालिकेने पाहायची आणि दुसरीकडे आरोग्याची व घरादाराची धूळधाण करणारी दुकाने वाढू द्यायची, हे कसे? बालहत्या प्रतिबंधक गृह चालवणारा आणि दारूच्या दुकानावर आक्षेप घेणारा माणूस एकच आहे, हे लक्षात असू द्या. पुढे ही दोन कामे एकाच माणसाच्या हाती क्वचितच दिसतात.

१२/ विसाव्या शतकाच्या आरंभी मद्यपाननिषेध राजकीय झाला. १९०८ च्या वसंतात पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवकांनी निरोधन केले, टिळकांनी त्यास पाठिंबा दिला. ही चळवळ जोमदार होती, परंतु तिचा रोख दुकानावर, महसुलावर आणि परकीय सरकारवर होता. पिणारा माणूस हा तिच्या दृष्टीने एकतर बळी होता किंवा नीतिभ्रष्ट. त्याने शपथ घ्यावी आणि सुटावे. शपथ मोडली तर पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. त्याची बायको आणि मुले व्याख्यानांत दृष्टान्तापुरती येत.

१३/ मुले मात्र याच सुमारास नगर जिल्ह्यात हजारोंनी निराधार होत होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ लागोपाठ आले. नगरच्या मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळी मदतीचे आणि अनाथ मुलांच्या आश्रयाचे मोठे काम उभे केले. त्याबद्दल त्यांना कैसर-ई-हिंद पदक मिळाले. मुलांना विणकाम, सुतारकाम असे उद्योग शिकवले जात. जीव वाचले, हे निर्विवाद. त्यासोबत धर्मांतराचा प्रश्नही आला. भुकेलेल्या मुलाच्या संमतीला काय अर्थ असतो, हा तेव्हाच विचारला गेलेला प्रश्न आज टाळण्याचे कारण नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

१४/ संख्या वाढली की संगोपनाची रीत बदलते. पाच मुले असतील तर घर चालते. पाचशे असतील तर वसतिगृह, घंटा, रांग, धान्याची नोंद आणि गणवेश. नगर-राहुरीच्या याच काळाचे जवळून दर्शन लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त घडते. परक्यांची मुले आपल्या घरात आणून वाढवणे म्हणजे काय, त्यातला वैताग, विनोद आणि जीव लागणे, हे कोणत्याही मिशन-अहवालात नाही, ते तिथे आहे. नगरचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक संदर्भग्रंथ म्हणून वाचावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

१५/ मग आला कायदा. मद्रास १९२०, बंगाल १९२२, आणि १९२४ चा मुंबई बालक कायदा. त्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी रिमांड होम उभी राहिली. नगरकर अजूनही 'रिमांड होम' असेच म्हणतात. या शब्दाकडे जरा पाहा. भीक मागणारे, घरातून पळालेले, आईबाप नसलेले आणि चोरीत सापडलेले मूल, सर्व एकाच दाराने आत जाई, आणि त्या दारावर शब्द होता तो कोठडीच्या परिभाषेतला. संरक्षण हवे असलेले मूल आणि कायद्याशी संघर्ष झालेले मूल यांत नीट भेद करायला आपल्याला पुढची अनेक दशके लागली.

१६/ तिसरी पाटी, समुपदेशन. हा शब्द नवा, पण सल्ला मागणारे जुनेच. १९२७ पासून १९५३ पर्यंत र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांचे प्रश्न आणि त्यांची रोखठोक उत्तरे येत. ज्या गोष्टी आईला, वैद्याला किंवा भटजीला विचारता येत नव्हत्या त्या लोक एका अनोळखी संपादकाला पत्राने विचारत होते. त्याबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले. महाराष्ट्रातील समुपदेशनाचा पहिला मोठा दस्तऐवज शोधायचा तर माझे बोट या प्रश्नोत्तरांकडे जाईल.

१७/ संस्थात्मक आरंभ मुंबईत. १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने नागपाड्यात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले (आजची टाटा समाजविज्ञान संस्था), आणि १९३७ मध्ये त्याच विद्यालयाने बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले. भारतातील ते पहिले. मूल बिघडले म्हणजे त्याला सुधारगृहात धाडावे, या समजुतीला इथे पहिला सुसंघटित छेद गेला. मुलाशी बोला, आईबापाशी बोला, शिक्षकाशी बोला. पण हे होते मुंबईत. नगरपर्यंत हा विचार येण्यास अर्धे शतक लागले.

१८/ ग्रामीण महाराष्ट्राने मात्र आपली वाट स्वतः काढली. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ यांच्यासह बालवाडी चालवू लागल्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात. गुरे राखायची, लहान भावंडे सांभाळायची, येणार कशी? तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, महाराष्ट्रात धारावी आणि मेळघाटातील धारणी येथे. आणि 'अंगणवाडी' हा मराठी शब्द भारतभर गेला.

१९/ यात हरवले काय? ताराबाईंच्या अंगणात मूल दिवसभर सुरक्षित असे, कारण ती सोय आईच्या कामाच्या वेळेशी जोडलेली होती. सरकारी अंगणवाडी काही तासांची. पोषण आणि लसीकरणात तिचे काम मोठे आहे, ते कोणी नाकारू नये. पण आई आठ तास कामावर असेल तर उरलेल्या वेळी मूल कोठे, हा प्रश्न पुन्हा घराच्याच गळ्यात पडला. सावेडीतील पाळणाघराची पाटी याच उरलेल्या तासांवर उभी आहे.

२०/ आता नगर जिल्ह्याचा एक योगायोग. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा एप्रिल १९५० पासून पूर्णत्वाने लागू झाला. आणि १९५०-५१ च्याच हंगामात लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकाराचा तो अभिमानाचा क्षण. साखरेसोबत मळी येते. मळीपासून मद्यार्क होतो. मद्यार्कापासून देशी दारू. एकाच राज्यात दारूबंदीचा कायदा आणि दारूचा सर्वांत मोठा कच्चा माल एकत्र वाढू लागले. पुढे बंदी सैल झाली, परवाने आले. कायद्याचे नाव मात्र आजही दारूबंदी कायदाच आहे.

२१/ उसाबरोबर ऊसतोडही आली. पाथर्डी-शेवगावसह बीडच्या पट्ट्यातून कोयते निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. मूल उसाच्या फडात, पाचटाच्या सावलीत. थोरले असेल तर ते धाकट्याचे पाळणाघर होते. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या. हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे, म्हणून येथे इतकेच.

२२/ त्यापेक्षा जवळचे उदाहरण सावेडीतच आहे. नगरमधील पद्मशाली समाजातील असंख्य स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून विड्या वळल्या. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. पण ती जेथे स्त्रिया एकत्र बसून काम करतात त्या कारखान्याच्या जागेला लागू. विडी मात्र घरी वळली जाते. म्हणजे कायद्याने पाळणाघर दिले ते अशा जागी जिथे बाई बसतच नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी झोपलेले मूल. बालसंगोपन आणि व्यसन यांचा याहून थेट संबंध दाखवणारे दृश्य मला माहीत नाही, आणि ते कोणत्याच खात्याच्या नोंदीत बसत नाही.

२३/ व्यसनाकडे वळू. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी. १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी गावातील दारूभट्ट्या बंद करवल्या. तरीही जे पीत राहिले त्यांना देवळासमोरच्या खांबाला बांधून फटके देण्यात आले. ही गोष्ट अण्णांनी स्वतः जाहीरपणे सांगितली आहे आणि तिचे समर्थनही केले आहे. गावात दारू थांबली, पाणी अडले, समृद्धी आली. कित्येक बायकांना त्या खांबाने दिलासा दिला असेल, यात शंका नाही. तरीही खांब हा उपचार नव्हे. ज्याला बांधले त्याच्या मुलाने ते दृश्य पाहिले असणार, आणि त्या मुलाविषयी राळेगणच्या यशकथेत मला कोठे वाचायला मिळत नाही.

२४/ त्यानंतर थोड्याच वर्षांत पुण्यात वेगळी सुरुवात झाली. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मध्यमवर्गीय घरांत शिरली. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नाही, पापी नाही, तो रुग्ण आहे. त्याला मारायचे नाही, त्याच्याशी बोलायचे. आज हे वाक्य गुळगुळीत वाटते. १९८६ मध्ये, आणि राळेगणपासून शंभर किलोमीटरच्या आत, ते तसे नव्हते.

२५/ मुक्तांगणने १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे जन्मलेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची सूत्रे घेतली, पण मला महत्त्वाचे वाटते ते 'सहचरी'. व्यसनी माणसाच्या पत्नीचा हा गट. तिला 'नवऱ्याला सांभाळ' असे न सांगता 'तुझे काय?' असे विचारणारी जागा. शपथेच्या चळवळीला पाऊणशे वर्षे जे सुचले नाही ते इथे झाले: पिणारा आणि त्याचे घर यांना एकत्र पाहिले गेले. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या. संस्था पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी सांभाळली.

२६/ याच दशकात आणखी दोन टप्पे. १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, म्हणजे समुपदेशक पोलीस ठाण्यात जाऊन बसला. आणि १९८९ मध्ये नगरला गिरीश कुलकर्णी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्नेहालय सुरू केले. सुरुवात वेश्यावस्तीतील मुलांपासून. रात्री आई कामावर असताना मुलाने जायचे कोठे, हा अगदी साधा प्रश्न होता. पुढे त्यातून अनौरस व टाकलेल्या बाळांसाठी स्नेहांकुर हे दत्तक विधान केंद्र आले. १८६३ च्या पुण्यातील गृहाचा प्रश्न नगरमध्ये पुन्हा उभा राहिला, फक्त तेव्हा मदतीला दूरध्वनी नव्हता. लहान मुलांसाठीची १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली.

२७/ कायद्यांची आजची स्थिती थोडक्यात, कारण याचा आपल्या निवडीशी संबंध आहे. निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेस २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांशी निगडित आजार येतात, म्हणून रुग्ण दाखल करून घेणाऱ्या केंद्रांनाही नोंदणी लागते, आणि रुग्णास साखळीने बांधण्यास त्या कायद्याने स्पष्ट बंदी आहे. राळेगणच्या खांबाला कायद्याने उत्तर दिले ते असे, चार दशकांनी.

२८/ खाजगी पाळणाघराला मात्र इतका घट्ट कायदा नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर द्यावे, असे २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ठरवले. गल्लीतल्या फ्लॅटमध्ये चालणारे पाळणाघर कोणी, किती मुलांमागे किती माणसे ठेवून चालवावे, यावर देखरेख फारच विरळ आहे. तिन्ही पाट्यांपैकी सर्वांत हसरी पाटी सर्वांत कमी तपासली जाते.

२९/ परवा एका ओळखीच्या काकूंनी विचारले, "तू इतिहास शिकतोस ना, मग चांगले पाळणाघर कसे ओळखायचे ते सांग." मी हसलो, पण नंतर वाटले की उत्तर १८८४ च्या अभिप्रायात आहे. आत गेल्यावर रंगीत भिंती पाहण्यापूर्वी वही मागा. आज किती मुले आली, किती वाजता कोण घ्यायला आले, पडले-लागले तर कोठे लिहिले जाते? व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, किती जण पुन्हा प्यायला लागले. 'एकही नाही' असे उत्तर आले तर बाहेर पडा. समुपदेशकाला विचारा, तुमच्या आवाक्याबाहेरचे असेल तर कोणाकडे पाठवता. ज्यांना आपले अपयश मोजता येते त्यांच्याच हाती मूल द्यावे, इतके तर फुल्यांच्या त्या अभिप्रायाने शिकवले.

३०/ ज्यांना आत्ता गरज आहे त्यांच्यासाठी: संकटातील मुलांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६. तिन्ही निःशुल्क. दुर्दैवाने क्रमांकही तीन वेगवेगळेच आहेत.

३१/ आणि एक विनंती. नगरमध्ये १९६० ते १९९० या काळात बालवाडी, रिमांड होम, विडी कामगार वसाहत किंवा महिला मंडळाचे पाळणाघर चालवलेल्या आजी, मावशी, काकू आपल्या घरात असतील तर कृपया कळवा. त्यांच्याकडे हजेरीपट, खर्चाच्या वह्या, जुने फोटो असतील तर रद्दीत घालू नका. सावेडी आणि परिसरात मी स्वतः येऊन पाहीन, त्यांना बोलायचे असेल तितके ऐकेन. पुढचा थ्रेड साखरशाळांवर, बहुधा दिवाळीनंतर, गळीत हंगाम सुरू झाल्यावर.